उजव्या दाराची कॅरव्हॅन

२ फेब्रुवारी, रविवार

आजपासून रोजनिशी. कारण एकच, रॉय गारबटचा सूड घ्यायचा आहे. सूड घेणाऱ्या माणसाने नोंदी ठेवल्या नाहीत तर त्याचं नुसतं भांडण होतं.

गुन्हा पहिला. हॉर्नसीच्या कड्यावर ऑगस्टात आमच्या कॅरव्हॅन क्लबचा मेळावा भरतो, सगळे आपापलं चाकांवरचं घर गाडीमागे ओढत आणतात. तिथली आठ नंबरची जागा बाबांची. सगळ्या रांगेसमोर काटेरी कुंपण आहे, फक्त आठ नंबरसमोर ते तुटलेलं आहे आणि अख्खा समुद्र दिसतो. बाबा हयातभर तिथेच कॅरव्हॅन लावायचे. ते गेल्यावर लगेचच्या मेळाव्यात गारबट तिथे जाऊन बसला. कुणी कुठे उभं राहायचं हे मार्शल ठरवतो. मार्शल गारबटच आहे.

गुन्हा दुसरा. गेल्या ऑगस्टात, रविवारच्या कॉफीला, सगळ्यांच्या देखत त्याने ओल मोजायचं यंत्र आमच्या कॅरव्हॅनच्या भिंतीला टेकवलं. यंत्र पीप पीप करायला लागलं ते थांबेना. गारबट म्हणाला, अगं एव्हरिल, ही कॅरव्हॅन नाही, स्पंज आहे, पोराला सांग पिळून वाळत घाल. एव्हरिल म्हणजे माझी आई. सगळे हसले. आईसुद्धा हसली, पण ती भिडस्त आहे.

मी तेव्हा शांत राहिलो. ते शांत राहणं आता त्याला महागात पडणार.

९ फेब्रुवारी, रविवार

बाबांची कॅरव्हॅन भंगारवाल्याला दिली. गारबट म्हणाला म्हणून नव्हे. तिची फरशी माझ्या पायाखाली खचली म्हणून.

आता नवी घ्यायची. प्रश्न असा की इथली इंग्लिश बनावट घ्यायची की युरोपातून आलेली. गारबटने सगळी नोकरी हल शहरातल्या कॅरव्हॅन कारखान्यात खिडक्या बसवण्यात काढली. बाहेरून आलेल्या प्रत्येक कॅरव्हॅनला तो परदेशी डबा म्हणतो. म्हणजे निकाल लागल्यातच जमा आहे, पण मी पक्षपात करत नाही. दोन्ही बाजू नीट पाहिल्या.

इथल्या कॅरव्हॅनला समोर मोठ्या खिडक्या, खिडकीशी बसायची बैठक, भट्टीसकट, म्हणजे ओव्हनसकट, चूल, आणि दार डावीकडे, म्हणजे फुटपाथच्या बाजूला. जर्मन कॅरव्हॅनच्या भिंती जाड, उष्णता भरपूर, पलंग कायमचा घातलेला. समोर खिडकी नाही. भट्टी नाही. दार उजवीकडे, कारण ते लोक रस्त्याच्या उजव्या बाजूने गाडी चालवतात. या किरकोळ गोष्टी आहेत.

आई म्हणाली, भट्टी नसेल तर रविवारचं जेवण कशात करू. मी म्हणालो, जर्मन लोकही जेवतात. ती म्हणाली, काय जेवतात. पाहून सांगतो म्हणालो.

२३ फेब्रुवारी, रविवार

बेव्हर्ली गावी कॅरव्हॅनच्या दुकानात गेलो. विक्रेता प्रामाणिक वाटला. म्हणाला, साहेब, रस्त्याकडेला थांबलात तर या जर्मन दारातून उतरताना तुम्ही थेट वाहतुकीत उतराल. मी त्याला सांगितलं की मी रस्त्याकडेला थांबत नाही, मी आधी नियोजन करतो.

तेवढ्यात आई हरवली. शेवटी एका इथल्या कॅरव्हॅनमध्ये सापडली, समोरच्या खिडकीशी पाय वर घेऊन बसलेली. खिडकीतून दुकानाची भिंत दिसत होती तरी उठेना. म्हणाली, केल्विन, इथे बसून समुद्र किती छान दिसेल रे. मी म्हणालो, आई, आपण समुद्र बघायला जात नाही. ती म्हणाली, मग कशाला जातो. काही गोष्टी आईला कळू नयेत हेच बरं.

१५ मार्च, शनिवार

जर्मन कॅरव्हॅन आली. भिंतीवर बुक्की मारून पाहिली. मूठ दुखली. उत्तम.

माहितीपुस्तक संपूर्ण जर्मनमध्ये आहे. संकल्प: ऑगस्टपर्यंत जर्मन शिकायचं.

६ एप्रिल, रविवार

जर्मनचा पहिला धडा झाला. शब्द फार लांब आहेत, पण जसे उच्चारतात तसेच लिहितात, हे मला आवडलं. गोदामात खोक्यांवरची लेबलं मी लिहितो, तिथे माझ्या स्पेलिंगला आजवर कुणी हात लावलेला नाही. गारबट मात्र क्लबच्या सूचनेत ‘मार्शल’ शब्दातच चूक करतो. शाळा मीही मध्येच सोडली, पण शब्दकोश सोडला नाही.

संकल्पात दुरुस्ती: पूर्ण जर्मन नको, चित्रांखालचं पुरे.

कॅरव्हॅन घराच्या बाजूला उभी केली. दार उजवीकडे आणि उजवीकडे शेजारच्या प्रिसिला काकूंची भिंत. दार हातभर उघडतं, त्यातून आई जाते, मी जात नाही. खिडकीतून आत गेलो. खिडकीने माझा भार सहज पेलला, यावरून बांधणी कळते. काकू वरच्या मजल्यावरून पाहत होत्या. म्हणाल्या, केल्विन राजा, किल्ली हरवली का रे. हो म्हणालो.

११ मे, रविवार

योजना पक्की झाली. काड्यापेट्या मांडून पाहिली.

मेळाव्यात प्रत्येक जागेवर एक पांढरी खुंटी असते. कॅरव्हॅनचा मागचा कोपरा त्या खुंटीशी, तोंड समुद्राकडे. सगळ्यांचं सारखं. इथल्या सगळ्या कॅरव्हॅनची दारं डावीकडे असल्यामुळे प्रत्येकाच्या दारासमोर शेजाऱ्याची बंद भिंत येते. कुणी कुणाच्या ताटात डोकावत नाही. आमच्या लोकांनी शेजारधर्म असा टिकवला आहे.

आता गारबट आठ नंबरला. त्याच्या उजवीकडे नऊ नंबर. तिथे मी उजव्या दाराची कॅरव्हॅन लावली तर माझी बंद भिंत त्याच्या बंद भिंतीला. पाठीला पाठ. मेळावाभर मी त्याला माझी पाठ दाखवणार, जाडजूड जर्मन पाठ, आणि रविवारी कॉफीला सगळ्यांसमोर त्याच्या लाडक्या कॅरव्हॅनला ओल मोजायचं यंत्र लावणार. यंत्र आजच मागवलं. त्याच्यापेक्षा मोठं.

नऊ नंबरसाठी अर्ज पाठवला. पोस्टात टाकायला आईकडे दिला.

१८ जून, बुधवार

गारबटचा फोन आला, जागांविषयी. आईने घेतला. मी तिला खुणेने सांगितलं की तुटक बोल. माझा चहा गार होईपर्यंत बोलत होती आणि मधे मधे हसत होती. विचारलं तर म्हणाली, काही नाही रे, त्याचे गुडघे धरलेत. शत्रूच्या गुडघ्यांची बातमी काढली. आई या कामात माझ्यापेक्षा मुरलेली आहे.

संध्याकाळी तिने नवा निळा स्वेटर आणला. म्हणाली, कड्यावर वारा असतो. इतकी वर्षं वारा नव्हता का.

२१ ऑगस्ट, गुरुवार, हॉर्नसी

दगा.

गेटवर गारबट उभा. गळ्यात मार्शलचा पट्टा, हातात पाटी. म्हणाला, ये पोरा, नऊ नंबरला चिखल झालाय, तुम्हाला सात दिलाय, आईला विचार. आई म्हणाली, हो रे, मीच म्हटलं चिखल नको. नऊ नंबर नंतर जाऊन पाहिला. गवत होतं. सुकं. चिखल बहुधा खाली असेल.

सात नंबर आठच्या डावीकडे. गारबटचं दार डावीकडे, माझं उजवीकडे. खुंटीला कोपरा लावून मी नियमाप्रमाणे उभा राहिलो, दार उघडलं, आणि समोर गारबटचं दार. त्यात गारबट. त्याच्या हातात चहा.

दोघांचे दारासमोरचे कापडी मंडप लावल्यावर मधे दोन खुर्च्या मावतील एवढीच गल्ली उरली. दोन्ही खुर्च्या गारबटनेच आणून ठेवल्या. म्हणाला, लग्नघरच झालं की गं एव्हरिल, समोरासमोर मांडव. आई इतकी हसली की तिला बसावं लागलं. त्याच्या खुर्चीत.

किटली लावायला गेलो तर जर्मन भोकांत आमचा प्लग जात नाही. गारबटने त्याचा एक जोड आणून दिला. म्हणाला, परदेशी डब्याला आमच्या बाजूने भेट. तो मी परत करणार नाही. युद्धात हाती लागलेलं सामान समजून जप्त केला. चहा बरा झाला.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

सकाळी दार उघडलं. गारबट पायजम्यात. दार लावलं. परत उघडलं. अजून तिथेच. म्हणाला, दार काय लावतोस राजा, तुझ्या घोरण्याचा मी सगळा कार्यक्रम ऐकलाय.

दुपारी आई ग्रेव्हीबरोबर खायच्या पुडिंगचं पीठ घेऊन त्याच्याकडे गेली, कारण भट्टी त्याच्याकडे आहे. मी हे होऊ दिलं. शत्रूच्या गोटात आपला माणूस असावा. बराच वेळ आली नाही. आल्यावर अहवाल मागितला. म्हणाली, त्याचे डबे किती नीट लावलेत रे, प्रत्येकावर नाव आहे. आणखी काय, विचारलं. म्हणाली, पुडिंग छान फुगलं. कामाची माहिती शून्य, पण तिच्या बाहीला ग्रेव्ही लागली होती. म्हणजे आतपर्यंत पोचली होती.

जेवण गल्लीत झालं. तिघांचं. मी गारबटकडे पाहिलं नाही. एकदाच पाहिलं, ग्रेव्ही मागायला.

जेवल्यावर आई त्याच्या समोरच्या खिडकीशी बसून समुद्र पाहत होती. तोही. आमच्या कॅरव्हॅनला समोर खिडकीच नाही, त्यामुळे ते काय करतात हे दिसायला काही मार्ग नाही. आईला नंतर सांगितलं की आठ नंबर आपला झाला की रोज तुझ्यासाठी समुद्र. ती म्हणाली, केल्विन बाळा, आपल्या या कॅरव्हॅनला पुढून भिंत आहे. आठ नंबरला लावली तरी समुद्राला आपली पाठच दिसेल. मुद्दा बरोबर आहे. पण मुद्दा समुद्राचा नाही.

२३ ऑगस्ट, शनिवार

पाऊस. गारबट सकाळी येऊन म्हणाला, पोरा, दार असं समोर खटकत असेल तर कॅरव्हॅन फिरव उलटी, मी तिकडे बघत नाही. सापळा स्पष्ट होता. नियम म्हणतो सगळ्यांचं तोंड एकीकडे. मी फिरवली की तो मार्शल म्हणून मला सगळ्यांसमोर बोलायला मोकळा. त्याला नियम वाचून दाखवला. तो म्हणाला, नियम मीच लिहिलाय रे. म्हणालो, मग स्पेलिंग सुधारा.

हे उत्तर फार चांगलं झालं. इथे मुद्दाम नोंदवून ठेवतो.

रांगेत सहा नंबरला नॉरिस पिकरिंग नावाचा निवृत्त बस ड्रायव्हर आहे, बाबांचा मित्र. त्याला माझी बाजू समजावून सांगितली. आठ नंबर कसा बळकावला वगैरे. तो पाइप साफ करत म्हणाला, तू आईशी बोल एकदा. मला कळलं, लोक घाबरतात गारबटला.

आई विणत बसली आहे. गुडघ्याला घालायचे लोकरी पट्टे. मला दुपारी जरा गारठा लागतो म्हणालो होतो, ते तिने लक्षात ठेवलं. एक घालून पाहिला. फारच मोठा होतो. आईचा अंदाज हल्ली चुकतो.

उद्या कॉफी. यंत्रात नव्या बॅटऱ्या घातल्या. आपल्या भिंतीला लावून पाहिलं. एक आवाज नाही. कोरडी ठाक. याला म्हणतात निवड.

२४ ऑगस्ट, रविवार

झालं. सविस्तर लिहितो.

कॉफीला सगळे गल्लीपाशी जमले. गारबट मार्शलचं भाषण करत होता, कचरा कुठे टाकावा यावर. मी उठलो. म्हणालो की क्लबच्या परंपरेप्रमाणे आज एका कॅरव्हॅनची ओल तपासू. आणि यंत्र त्याच्या खिडकीखाली टेकवलं.

पीप पीप. तो आवाज मी वर्षभर मनात ऐकत होतो. वर सरकवलं, पीप. कोपऱ्यात, पीप. दाराशी, पीप. पलंगाच्या बाजूला तर यंत्राचा सूरच लागला. संपूर्ण ओली. बाबांच्या कॅरव्हॅनपेक्षा ओली. मी म्हणालो, मिस्टर गारबट, ही कॅरव्हॅन नाही, स्पंज आहे.

कुणी हसलं नाही. नॉरिस पिकरिंग कपात पाहत होता. माझ्या मते सगळे भारावले होते.

गारबट म्हणाला, माहीत आहे रे पोरा. माझे गुडघे त्या यंत्राआधी सांगतात. या खिडक्या मीच बसवल्या होत्या कारखान्यात, गळतात त्याही माझ्याच. लोकांच्या भिंतीला यंत्र लावत फिरलो की आपल्या भिंतीकडे कुणी बघत नाही. तुझ्या बाबांची कॅरव्हॅन मी हसण्यावारी नेली ते चुकलंच माझं. त्या दिवशीच एव्हरिलला सांगितलं होतं.

आईला सांगितलं होतं. मला नाही.

मग मी गुन्हा पहिला काढला. आठ नंबर. म्हणालो की माणूस जाऊन वर्ष होत नाही तोवर त्याची जागा घेतली. तेव्हा आईने विणकाम खाली ठेवलं. ती सगळ्यांसमोर कधी बोलत नाही. म्हणाली, केल्विन, आठ नंबर मीच दिला रॉयला. तुझे बाबा गेल्यावर मला तिथे उभं राहवेना आणि दुसरं कुणी तिथे उभं राहिलेलं बघवेना. मीच त्याला म्हटलं, तू जागा धरून ठेव. तुला सांगणार होते, पण तू इतका रागावलेला होतास की तुला तेवढाच एक उद्योग होता.

हे माझ्या नोंदींत बसत नाही. नंतर पाहू.

पण सूड पूर्ण झाला, हे मान्य करायला हवं. गारबट खाली मान घालून बसला होता, आणि आईने त्याच्या खांद्यावर हात ठेवला. बहुधा उठू नये म्हणून.

नंतर आई म्हणाली की इतक्या ओलीत रॉयला एक दिवसही झोपू द्यायचं नाही, आपली भिंत कोरडी आहे, तूच काल मोजून पाहिलंस. मी म्हणालो, आपल्याकडे तीन माणसांना जागा नाही. ती म्हणाली, मग तू जा ना राजा आठ नंबरला. तुला तोच हवा होता.

उशी आणि शब्दकोश घेऊन गल्ली ओलांडली. लोकरी पट्टे तिथेच राहिले. गारबटने घातलेले दिसले. त्याला बरोबर बसतात.

२५ ऑगस्ट, सोमवार, सुट्टी

सकाळी गारबट आला, टोपी हातात. बाबांच्या जागेवर, स्वतःच्याच दारात, आत येऊ का म्हणून विचारत होता. या म्हणालो. त्याने सांगितलं की त्या डब्यात पहिल्यांदाच गुडघे वाकवून झोपला आणि सकाळी ते सरळही झाले. जन्मभर परदेशी डबा म्हणालो, म्हणाला, माझंच डोकं डबा होतं. मग टोपी फिरवत म्हणाला, एव्हरिलने तुला काही सांगितलं का. नाही म्हणालो. म्हणाला, सांगेल.

सांगितलं. ऑक्टोबरात लग्न, हल शहरातल्या नोंदणी कार्यालयात. साक्षीदार म्हणून मी. आईचं म्हणणं की कागदावर सगळी नावं बिनचूक लागतील तर ती माझ्याच हातून. हे खरं आहे. त्यानंतर दोघं माझी जर्मन कॅरव्हॅन घेऊन बोटीने पलीकडे जाणार, ऱ्हाइन नदीच्या काठाकाठाने. गारबट म्हणाला, तिकडे गेलं की दार बरोबर फुटपाथच्या बाजूला येतं रे. फार खूश होता. हा विचार मला सुचायला हवा होता. मी त्याला माहितीपुस्तक दिलं आणि चित्रांखालचे शब्द समजावले. तेवढे मला येतात.

त्याची कॅरव्हॅन त्याने मला देऊन टाकली. म्हणाला, खिडक्यांचं रबर मी बदलून देईन, तू फक्त धर. आई म्हणाली, अधूनमधून ये रे जेवायला. स्वतःच्या घरी अधूनमधून ये असं मला पहिल्यांदाच कुणी म्हणालं.

संध्याकाळ. आढावा घेतो. आठ नंबर परत मिळाला. शत्रूची कॅरव्हॅन ताब्यात आली. शत्रू लवकरच देश सोडून जाणार. एका मेळाव्यात याहून जास्त कुणाला जमलं नसतं.

समोरच्या खिडकीशी बसलो आहे. आई म्हणायची तसाच समुद्र आहे, छान आहे. बाबा इथे कडेलाच बसायचे, आईला मधली जागा देऊन. मी मधे बसून पाहिलं, मग कडेला सरकलो. बैठक तिघांची आहे.

पलीकडून पुडिंगचा वास येत नाही, कारण भट्टी इकडे माझ्याकडे आहे. मला पीठ करता येत नाही.

यंत्र सवयीने उशीजवळ भिंतीला टेकवलं. पीप पीप. थांबेना, म्हणून बॅटऱ्या काढल्या. तर समोरच्या दारातून गारबटने हाक मारली, पोरा, उशी ओली झाली असेल, इकडे सुकी आहे, घेऊन जा.

नको म्हणालो.

दार समोरच आहे. जरा वेळाने जातो.